‘शांत स्वभावाची आहे’ : वर्णनात्मक नोंदी आणि मुलांची सामाजिक-भावनिक कौशल्ये



सत्र संपत आलं की आपली सगळ्यांची एकच धावपळ असते. आकारिकचे गुण भरून होतात, संकलितचे पेपर तपासून होतात आणि शेवटी उरतात वर्णनात्मक नोंदी. २०१०-११ पासून आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं आणि ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ हे रकाने आपल्याकडे आले. हेतू फार चांगला होता. पण खरं सांगायचं तर रात्री दहा वाजता, चाळिसावं नाव समोर असताना, आपल्या हातून काय लिहिलं जातं? ‘शांत व शिस्तप्रिय आहे.’ ‘मनमिळाऊ आहे.’ ‘चंचल आहे, लक्ष देणे आवश्यक.’ मीही वर्षानुवर्षं हेच लिहीत आलो. हा लेख अशाच एका नोंदीमुळे लिहितो आहे.

तिसरीतली एक मुलगी. तिच्या नावापुढे मी लिहिलं होतं, ‘शांत स्वभावाची आहे, सूचनांचे पालन करते.’ वर्गात कधी आवाज नाही, तक्रार नाही. अशा मुलांकडे आपलं लक्ष जात नाही, कारण त्यांचा आपल्याला त्रास नसतो. ऑगस्ट महिना होता. आपल्या गोंदिया जिल्ह्यात जुलै-ऑगस्ट म्हणजे रोवणीचे दिवस. अर्धं गाव बांधीत असतं. दुपारी पोषण आहाराच्या रांगेत या मुलीने पहिलीतल्या एका लहानग्याला जोरात ढकललं. त्याची ताटली पडली, खिचडी सांडली, तो रडू लागला. मी आवाज चढवून विचारलं, “का ढकललंस त्याला?” ती गप्प. “माफी माग आधी.” तिने खाली बघत “माफ कर” म्हटलं. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

ती न जेवता हातपंपामागे जाऊन बसली. मला ते कळलंही नाही. खिचडी करणाऱ्या ताई तिच्याजवळ गेल्या आणि त्यांनी विचारलं, “का झालं वो माय?” तेव्हा पोरगी बोलली, “मले गमत नाई. भावाचं ध्यान येते.”

मग सगळं समजलं. आई पहाटेच दुसऱ्या गावी रोवणीला जायची, ती अंधार पडल्यावर परत. साडेतीन वर्षांचा भाऊ घरी आजीजवळ. आजीला नीट दिसत नाही आणि घरामागेच बोडी, पावसाने काठोकाठ भरलेली. ही पोरगी सकाळपासून वर्गात बसून त्या बोडीचाच विचार करत होती. लवकर जेवून, सुटीत पळत जाऊन भावाला बघून यायचं होतं आणि पुढचा लहानगा रांगेत हळूहळू सरकत होता. एवढंच. नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर इतकं ओझं होतं आणि माझ्या वहीत तिच्याबद्दल ‘शांत’ हा एक शब्द होता.

स्वभाव आणि कौशल्य

मानसशास्त्रात या दोन गोष्टी वेगळ्या मानतात. स्वभावाचा काही भाग मूल जन्मतःच घेऊन येतं. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या पती-पत्नींनी १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बाळांचा अभ्यास सुरू केला आणि ती मुलं मोठी होईपर्यंत चालू ठेवला. काही बाळं नव्या माणसाला पाहून लगेच हसतात, काहींना रुळायला वेळ लागतो, काही लवकर चिडतात, हे फरक फार लहानपणापासून दिसतात असं त्यांनी दाखवलं. त्यांचा दुसरा मुद्दा आपल्या अधिक कामाचा आहे. मुलाचा स्वभाव आणि भोवतालच्या मोठ्यांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं.

कौशल्य मात्र शिकावं लागतं. पोहायला शिकतो, धानाच्या पेंढ्या बांधायला शिकतो, तसंच आपल्याला काय वाटतंय ते ओळखणं, ते योग्य माणसाला सांगणं, रागाला आवर घालणं, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणं, भांडण झालं तर पुन्हा जुळवून घेणं, हेही शिकावं लागतं. माझी विद्यार्थिनी स्वभावाने अबोल असेल, त्यात वावगं काही नाही. पण ‘मला काळजी वाटते, मला मदत हवी’ हे सांगण्याचं कौशल्य तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला तशी संधीही मिळाली नव्हती. अबोलपणा आणि बोलता न येणं या दोन्ही गोष्टी मी एकाच शब्दात गुंडाळून टाकल्या होत्या.

या विषयाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण प्रशिक्षणांत ही नावं आपल्या कानावरून जातात. थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये ‘सामाजिक बुद्धिमत्ता’ ही कल्पना मांडली. गार्डनर यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तांत स्वतःला जाणण्याची आणि इतरांना जाणण्याची अशा दोन वेगळ्या बुद्धिमत्ता धरल्या. सॅलोव्ही आणि मेयर यांनी १९९० मध्ये ‘भावनिक बुद्धिमत्ता’ या संज्ञेला शास्त्रीय रूप दिलं आणि १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती घराघरांत नेली. जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यं तर आपल्याला पाठच आहेत. स्व-जाणीव, समानुभूती, समस्या निराकरण, भावनांचे समायोजन, ताणतणावांचे समायोजन वगैरे. पाठ आहेत, पण नियोजनाच्या वहीत. परिपाठात आणि खिचडीच्या रांगेत ती किती उतरतात, ते ज्याचं त्याने पाहावं.

‘हे सगळं करत बसलो तर अभ्यासक्रम कधी पूर्ण होणार?’ हा प्रश्न प्रत्येक शिक्षण परिषदेत येतो. जोसेफ डरलाक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा २१३ शालेय कार्यक्रमांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २,७०,०३४ विद्यार्थी होते. या कार्यक्रमांतल्या मुलांची वागणूक तर सुधारलीच, पण अभ्यासातली कामगिरीही सरासरी ११ शतमकांनी वर गेली. सोप्या भाषेत, शंभर मुलांच्या रांगेत मधोमध उभं असलेलं मूल अकरा जागा पुढे गेलं. त्यातल्या बहुतेक शाळा अमेरिकेतल्या होत्या. त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा सालेकसा किंवा देवरीला लावू नये. पण भावनांना दिलेला वेळ अभ्यासातून वजा होतो ही आपली समजूत मात्र त्याने सैल व्हायला हरकत नाही.

शब्द असेल तर भावना हाताळता येते

माझ्या मते या सगळ्याचं मूळ भाषेत आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि मेंदूत काय घडतं ते यंत्रावर पाहिलं. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की अमिग्डाला या भागातली, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागातली हालचाल कमी होत होती. आपल्या आज्या हे प्रयोगाशिवाय जाणून होत्या. ‘सांगून टाक, मन हलकं होईल’ असं त्या म्हणतच असत.

पण सांगायचं कोणत्या शब्दात? वर्गाच्या भिंतीवर आपण चार चेहऱ्यांचा तक्ता लावतो. आनंद, दुःख, राग, भीती. बाजारात तयार मिळतो. मी तो काढून टाकला असं नाही, पण तो अपुरा आहे हे कळलं. ‘मले गमत नाई’ हे त्या चार चेहऱ्यांपैकी कोणत्या खाली बसवायचं? ते नुसतं दुःख नाही. त्यात करमत नाही, जीव लागत नाही, कुणाची तरी आठवण येते, काहीतरी कमी आहे, असं सगळं आलं. आश्रमशाळेत पहिल्यांदा राहायला गेलेलं सहा-सात वर्षांचं लेकरू पहिल्या आठवड्यात हेच म्हणतं. प्रमाण मराठीतलं ‘मला दुःख होते’ हे वाक्य त्याच्या तोंडी घातलं, तर त्याची भावना त्याच्याच हातून निसटते.

म्हणून चौथीच्या मुलांना मी एकदा घरचा अभ्यास दिला. आजीला, आईला विचारून या, राग येण्याचे किती प्रकार आहेत? दुसऱ्या दिवशी फळा भरला. रुसणं, फुगून बसणं, चिडणं, धुसफुसणं, जळफळणं, संतापणं. मग आम्ही ते लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावले. पोरं हमरीतुमरीवर आली, रुसण्यात राग जास्त की फुगण्यात? एकजण म्हणाला, “रुसला तं मनवाले कोणी यावं असं वाटते. फुगला तं कोणी येऊ नये असं वाटते.” मी वीस वर्षं मराठी शिकवतो, मला हा फरक सांगता आला नसता. नंतरच्या आठवड्यात भीतीचे शब्द घेतले (धास्ती, धडकी, दचकणं, बिचकणं) आणि मग लाजेचे. वरमणं, ओशाळणं आणि हिरमुसणं यांत काय अंतर आहे, हे मुलं स्वतःचे प्रसंग सांगून ठरवत होती.

आपल्या जिल्ह्यात एका वर्गात घरची भाषा तीन-चार प्रकारची असते. झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, हिंदी. ज्यांच्या घरी वेगळी भाषा आहे त्यांनी आपापला शब्द सांगितला, तो देवनागरीत शेजारी लिहिला. मला स्वतःला गोंडी येत नाही, त्यामुळे त्या दिवशी मुलं गुरुजी झाली आणि मी चुकीचा उच्चार केला की खदखदून हसली. गणिताच्या तासाला तोंड न उघडणारा एक मुलगा त्या दिवशी तीन वेळा फळ्याकडे आला.

भाषेवरून मुलांना टोकण्याची आपली सवय इथे फार आड येते. मूल रडत रडत ‘मले त्यानं मारलन’ म्हणत येतं आणि आपण आधी ‘मले नाही, मला म्हण’ असं सुधारतो. शुद्धलेखनाची वेळ वेगळी असते. रडणाऱ्या मुलाची भाषा तेव्हा तरी दुरुस्त करू नये, एवढी विनंती.

‘माफी माग’ म्हटल्याने काय होतं?

दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे कळणं ही मुलांमध्ये हळूहळू येणारी गोष्ट आहे. विमर आणि पर्नर यांनी १९८३ मध्ये एक प्रयोग केला. आपल्याकडच्या वस्तू घालून सांगतो. एक मुलगा डब्यात लाडू ठेवून खेळायला जातो. मागे आई तो लाडू फडताळात ठेवते. मुलगा परत आल्यावर लाडू कुठे शोधेल? तीन वर्षांची बहुतेक मुलं म्हणतात, फडताळात. कारण लाडू कुठे आहे हे त्यांना स्वतःला माहीत असतं आणि त्या मुलाला ते माहीत नाही हे त्यांच्या ध्यानात येत नाही. चार-पाच वर्षांच्या पुढे मुलं ‘डब्यात’ म्हणू लागतात. अंगणवाडीत किंवा घरी हा खेळ करून पाहा, गंमत वाटते.

याचा अर्थ, बालवाडीतल्या मुलाला ‘त्याला किती वाईट वाटलं असेल, कळत नाही का तुला?’ असं रागावणं व्यर्थ आहे. त्याला खरंच पुरतं कळत नसतं. तिसरी-चौथीच्या मुलाला कळतं, पण तो स्वतः तापलेला असताना नाही. मी त्या मुलीला रांगेतच माफी मागायला लावली, तेव्हा ती दोन मिनिटांत माझ्या सुटकेचा मार्ग शिकली. दोन शब्द बोललं की गुरुजी जातात. ज्याची खिचडी सांडली त्याचं काय, हे ती शिकली नाही.

आता मी वेगळं करून पाहतो. आधी दोघांना थंड होऊ देतो. पाणी प्या, हातपंपावर तोंड धुवा. मग ‘का केलंस?’ ऐवजी ‘काय झालं ते सांग’ असं विचारतो. ‘का’ हा प्रश्न मुलाला आरोपासारखा वाटतो आणि मोठ्यांनाही वाटतो. साहेबांनी ‘उशीर का झाला?’ विचारलं की आपणही खरं कारण सोडून सोयीचं सांगतोच ना! दोघांचं ऐकून झालं की शेवटी विचारायचं, “आता काय केलं तर याला बरं वाटेल?” बहुतेक वेळा उत्तर मुलांकडेच असतं. दुसरी ताटली आणून देणं, जवळ बसवून घेणं, खेळात घेणं. प्रत्येक वेळी जमतंच असं नाही. वर्गात चाळीस मुलं, दोन इयत्ता एकत्र आणि त्यात ऑनलाइन माहिती भरायचा निरोप आलेला असला की माझाही आवाज चढतो. मग दुसऱ्या दिवशी मी मुलांसमोर सांगतो की काल माझा तोल गेला, ते बरोबर नव्हतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई केली आहे, हे आपण जाणतोच. पण तोल गेल्यावर मोठं माणूस ते कसं सावरतं, हे मुलांना दिसलं पाहिजे. ते पाहायला दुसरी जागा त्यांना कुठे मिळणार?

धीर धरणं आणि शब्द पाळणं

संयमाविषयी बोलताना वॉल्टर मिशेल यांचा मार्शमॅलोचा प्रयोग हमखास सांगितला जातो. मुलासमोर एक मिठाई ठेवायची. थांबलास तर दोन मिळतील. जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात यशस्वी झाली, असं आपण भाषणात ऐकतो. गोष्ट तेवढ्यावर थांबवणं योग्य नाही. वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी २०१८ मध्ये मोठ्या गटावर तो पुन्हा तपासला, तेव्हा घरची परिस्थिती आणि इतर गोष्टी हिशेबात धरल्यावर तो संबंध बराच फिका पडला.

त्याआधी २०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी अधिक बोलका प्रयोग केला होता. काही मुलांना आधी चांगले रंग आणून देतो म्हणून सांगितलं आणि आणलेच नाहीत. काहींना सांगितलं ते आणून दिलं. मग मिठाईची परीक्षा घेतली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांची फसवणूक झाली ती जेमतेम तीन मिनिटं.

पालकहो, हे तुमच्यासाठी. ‘मंडईत फुगा घेऊन देईन’ म्हणून मुलाला गप्प केलं असेल, तर मंडईच्या दिवशी फुगा घ्या. परवडत नसेल तर आधी कबूल करू नका, ‘यंदा जमणार नाही’ हे सरळ सांगा. मूल त्याने रडेल, पण तुमच्या बोलण्यावर विसंबायला शिकेल. आणि शिक्षकांसाठीही. ‘उद्या मैदानावर नेतो’ म्हणून आपण किती वेळा उद्या उजाडल्यावर विसरलो आहोत? ज्या घरात मजुरी मिळेल तेव्हाच चूल पेटते, तिथलं मूल समोर आलेला घास लगेच खातं. त्यात त्याचा हावरटपणा नाही, अनुभवाने आलेलं शहाणपण आहे. त्याला ‘संयमाचा अभाव’ असा शेरा देण्याआधी थांबावं.

मूल शाळेत येत नसेल तर शाळाच त्याच्यापर्यंत न्यायची, हा विचार आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी सुरू केली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल का येत नाही, याचं उत्तर त्यांनी मुलाच्या आळसात न शोधता त्याच्या घरच्या कामात शोधलं. अलीकडच्या काळात बीड जिल्ह्यातल्या ५०० जिल्हा परिषद शाळांत २००९ मध्ये ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे राज्यभर गेला. जोडीने, गटात बसून बोलण्याच्या त्यातल्या कृती अनेकांनी वर्गात घेतल्या असतील. पुस्तिका उघडली की तास, मिटली की पुन्हा जुनंच, असं मात्र होऊ नये.

नोंद कशी लिहावी?

एक साधा उपाय मला लागू पडला. विशेषणाऐवजी प्रसंग लिहायचा. ‘मनमिळाऊ आहे’ ऐवजी ‘नवीन आलेल्या मुलाला कबड्डीच्या डावात घेतले, नियम सांगितले.’ ‘भांडखोर आहे’ ऐवजी ‘हरल्यावर दगड उचलतो, बाजूला नेऊन बोलल्यास पाच मिनिटांत शांत होतो.’ दुसऱ्या नोंदीतून पुढच्या वर्गशिक्षकाला काय करायचं तेही कळतं. चाळीस मुलांचं हे एका रात्रीत होत नाही. रोज दोनच मुलं ठरवायची आणि त्या दिवशी त्यांच्याकडे मुद्दाम पाहायचं. महिन्याभरात वर्ग होतो. ज्या मुलाबद्दल तीन-चार वेळा पाहूनही लिहायला काही सापडत नाही, त्याच्याशी दुसऱ्या दिवशी आधी बोलायचं.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. आपण शिक्षक आहोत, समुपदेशक नाही. मूल अनेक आठवडे खात नसेल, झोपत नसेल, एकाएकी बोलणं थांबवलं असेल, अंगावर मारल्याच्या खुणा असतील, तर वर्गातल्या कृती पुरणार नाहीत. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे आणि मानसिक आरोग्यासाठी शासनाची टेलिमानस १४४१६ वर आहे. दोन्ही नंबर कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आणि बोडीच्या काठावर घर असलेल्या मुलीला ‘काळजी करू नको, दीर्घ श्वास घे’ असं शिकवणं ही थट्टाच झाली. तिची काळजी खरी होती. तिथे भावाची सोय करणं हेच पहिलं काम होतं.

ते काम फार अवघडही निघालं नाही. आमच्या आवारातच अंगणवाडी आहे. सेविकाताई आजीशी बोलून आल्या आणि भावाचं नाव अंगणवाडीत आलं. सकाळी बहीणच त्याला हाताला धरून आणू लागली. पहिले काही दिवस ती दर तासाला खिडकीतून अंगणवाडीकडे बघायची, मग ते कमी झालं. सप्टेंबरात एकदा सुटी व्हायच्या आधी ती टेबलाजवळ आली आणि म्हणाली, “गुरुजी, भाऊ खोकलून रायला. मी पाहून येतो.” मी म्हटलं, जा. ती गेली, पाहून आली आणि जागेवर बसून गणित सोडवू लागली.

त्या सत्राच्या तिच्या नोंदीत मी लिहिलं, ‘काळजी वाटल्यास स्वतःहून येऊन सांगते.’ सुधारणा आवश्यकच्या रकान्यात तिच्यासाठी काही सुचलं नाही. माझ्यासाठी बरंच सुचलं होतं, पण तसा रकाना प्रगतिपत्रकात नाही.